मोजणाऱ्या बाईचं नाव

आमच्या वळ गावात उद्यान नाही. गोदामं आहेत. जुन्या ठाणे-भिवंडी रस्त्याच्या या पट्ट्यात काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, कुठंही उभं राहा. पत्र्याची छपरं आणि ट्रकच्या रांगा दिसतील. मुंबई-ठाण्याच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायला ही जागा सोयीची, म्हणून भातखाचरांत गोदामं आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, गोदामं राहिली. गावातल्या लेकीसुना आणि पोटासाठी बाहेरून आलेल्या बाया तिथं ठेकेदाराच्या हजेरीवर खोकी भरतात, चिठ्ठ्या चिकटवतात.

अशा गावात बायकांच्या गटांबरोबर काम करणारी मी उद्यानातल्या वनस्पतींच्या नोंदींवर का लिहिते आहे, असं मैत्रिणींना वाटेल. किमान वेतन मिळत नाही, मारहाणीच्या केसेस पडून आहेत, तिथं हे झाडं मोजण्याचं काय मधेच? पण आमच्या गटातल्या एका मुलीला ही नोकरी मिळाली, आणि तिच्या निमित्तानं मला या कामाकडे नीट पाहावं लागलं. जे दिसलं ते आपल्या चळवळीच्या जुन्याच प्रश्नांशी येऊन भिडतं: काम कोण करतं, दाम कुणाला मिळतं आणि कागदावर नाव कुणाचं लागतं.

आधी काम काय असतं ते सांगते. राष्ट्रीय उद्यान असो, अभयारण्य असो की महापालिकेची बाग, तिथली झाडंझुडपं कशी आहेत हे कळायचं तर कुणीतरी पायी जाऊन पाहावं लागतं. ठरलेल्या जागी दोरी लावून चौकोन आखायचा आणि त्यात काय काय उगवलंय ते मोजायचं. मोठ्या झाडांना क्रमांकाचे बिल्ले लावायचे, खोडाचा घेर टेपनं घ्यायचा. दर पंधरवड्याला त्याच झाडांकडे जाऊन लिहायचं: पालवी फुटली का, मोहोर आला का, फळ धरलं का, पानं गळाली का. घाणेरी आणि रानमोडी यांसारखी बाहेरून आलेली झुडपं किती पसरली ते पाहायचं. वरवर सोपं वाटतं. पण कोवळ्या पानावरून रोप ओळखायला नजर लागते आणि ती नजर त्याच जागी वर्षानुवर्षं जावी लागते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिची नोंद ठेवायची तर एका हंगामाच्या ठेक्यावरचं माणूस काय कामाचं?

या कामातली एक गंमत सांगते. झाडाचा घेर ‘छातीच्या उंचीवर’ घ्यायचा असा नियम आहे. ही उंची ठरलेली आहे १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. पाच फुटांच्या बाईच्या ती हनुवटीपाशी येते. माप ठरवताना कुणाची छाती डोळ्यांपुढे होती, ते उघड आहे.

आता त्या मुलीबद्दल. वनस्पतिशास्त्रात बी.एस्‌सी. झालेली, घरातली पहिली पदवीधर. पदवीनंतर सहा महिने गोदामात काम करत होती. एका उद्यानात झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या पथकात तिला ठेक्यावर घेतलं. तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, गोडाऊनला जाते ती चौघींबरोबर जाते, चौघींबरोबर येते. रानात हिच्याबरोबर कोण हाय?”

अशा वेळी आपण कार्यकर्त्या आईची समजूत घालायला धावतो. पण हा प्रश्न नीट ऐकला तर तो नोकरी देणाऱ्याला विचारलेला आहे. पथकात दुसरी बाई आहे का? पहाटे गाडी कुठून सुटते, तिथपर्यंत मुलगी कशी पोचणार? काही झालं तर तक्रार कुणाकडे करायची? नेमणुकीच्या कागदावर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. कागदावर होतं ते एवढंच, की काम संपलं की नेमणूक संपली.

ती गेली. आठ महिने तिनं ते काम केलं. पथकात चौघं, त्यातले तिघं पुरुष. गाडी ठाण्याहून सहाला सुटायची, म्हणजे वळहून अंधारात निघायचं. शौचाची सोय नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नसे, आणि उन्हात दहा-बारा किलोमीटर चाले. पाळीच्या दिवसांत ‘घरी थांब’ असं सौजन्यानं सांगितलं जाई आणि त्या दिवसांचे पैसे कापले जात. शंभरावर झाडं ती नुसत्या पानावरून ओळखायला लागली. अहवाल छापून आला तेव्हा नकाशे करणाऱ्यांची, आकडे मांडणाऱ्यांची नावं होती. तिचं काम ‘स्थानिक मदतनीस’ या दोन शब्दांत गेलं. ठेका संपला. आज ती पुन्हा गोदामात आहे.

कुणी म्हणेल, ठेक्यावरच्या मुलांचंही असंच होतं. होतं, खरं आहे. पण मुलगा त्याच आठ महिन्यांत साहेबांच्या गाडीवर मागे बसून जातो, संध्याकाळी चहाच्या टपरीवर थांबतो, पुढच्या कामाची बातमी त्याला तिथं लागते. मुलीला साडेसहाच्या आत घर गाठायचं असतं. नोकरी एकच असली तरी पुढची वाट एक नसते.

आणि हे ज्ञान बायकांकडे नाही असं तर अजिबात नाही. पावसाच्या तोंडावर भिवंडीच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. फार थोड्या दिवसांचा हंगाम. शेवळाची खाज मारायला काकडाची फळं लागतात, तीही त्याच आणतात. मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. जरा बसून बोललं तर कळतं, की यंदा शेवळं उशिरा निघाली, अमक्या ओढ्याच्या कडेला पूर्वी मिळायची ती आता मिळत नाहीत, तिथं रानमोडी माजली आहे. शास्त्रज्ञ पंधरवड्याच्या फेऱ्या मारून जी ऋतुनोंद जमवतात, तीच ही. फक्त ती कुणी लिहून घेत नाही आणि तिचे पैसे कुणी देत नाही. बाई शेवळाच्या जुडीचे पैसे मोजून घेते. शेवळाबद्दल तिला जे ठाऊक आहे ते फुकटात जातं.

शिकलेल्या बायकांतही उणीव नाही. जानकी अम्मल यांचा जन्म १८९७ चा. परदेशात वनस्पतिशास्त्रातली सर्वोच्च पदवी मिळवली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची नवी घडी बसवण्याच्या कामात त्या होत्या, आणि उतारवयात केरळच्या सायलेंट व्हॅलीतलं जंगल वाचवण्यासाठी उभ्या राहिल्या. पुण्याच्या डॉ. हेमा साने यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, झाडांवर पुस्तकं लिहिली आणि २०२५ मध्ये जाईपर्यंत बुधवार पेठेतल्या घरात विजेशिवाय राहिल्या. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात आज मुली भरपूर असतात. वर्गात इतक्या मुली आणि रानातल्या पथकात चौघांत एक, हे कसं? मधल्या वाटेवर कुणीतरी त्यांना गाळतं. ते कुणीतरी म्हणजे गाडी, शौचालय, ठेका, आणि ‘बाईला झेपणार नाही’ असं ठरवून टाकणारा साहेब.

याहून खोल एक गोष्ट आहे. २००६ पासून देशभर दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते. नाव वाघाचं, पण वनरक्षक आपल्या बीटमध्ये पायी फिरून हरणं-सांबरं मोजतात आणि ठरावीक अंतरावर थांबून १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळातली झाडं, झुडपं, गवतही तक्त्यात भरतात. म्हणजे ती वनस्पतींचीही गणनाच आहे. त्याच तक्त्यांत माणसाच्या खुणांचे रकाने असतात: तोडलेलं लाकूड, छाटलेल्या फांद्या, कापलेलं गवत, माणसांच्या पायवाटा. त्याला म्हणतात मानवी हस्तक्षेप. आता सांगा, सरपण कोण आणतं? शेळीला पाला कोण तोडतं? गवताचा भारा कुणाच्या डोक्यावर असतो? रानातल्या झाडांची सर्वांत जवळून ओळख असलेली बाई सरकारी कागदावर येते ती जाणकार म्हणून नाही, उपद्रव म्हणून. घरात गॅस का नाही, रोजगार का नाही, गायरान कुठं गेलं, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

आणि मोजणारी नजर कुठं वळू शकते तेही पाहा. उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातला केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांसाठी झाडांना बांधलेले कॅमेरे तिथं बायकांवर पाळत ठेवू लागले होते. शौचाला गेलेल्या एका बाईचं छायाचित्र कॅमेऱ्यात आलं आणि गावातल्या मोबाईलवरच्या गटांमधून फिरवलं गेलं. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. घरापासून दूर, आपसांत मोकळं बोलायची, गाणी म्हणायची बायकांची ती एकच जागा होती, तीही गेली. उद्यानाची देखरेख स्त्रीपुरुषांना सारखीच, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

कागदोपत्री बायकांना जागा दिल्याचीही उदाहरणं आहेत. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याखालच्या २००४ च्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितली आणि तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं म्हटलं. समितीनं गावातल्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करायची. किती सुंदर कल्पना! झालं काय? वर्षानुवर्षं काम पडून राहिलं. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर चुकणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. एकदम धावपळ सुटली. जे काम बायकांबरोबर ऋतूऋतूंतून फिरून व्हायचं, ते पुष्कळ ठिकाणी कार्यालयात बसून उरकलं गेलं. घाईच्या कामात पहिला बळी जातो तो सावकाश विचारण्याच्या गोष्टींचा, आणि बायकांना विचारायचं तर सावकाशच विचारावं लागतं. त्या दुपारी भेटतात, भांडी घासताना बोलतात, नवऱ्यासमोर गप्प राहतात.

मग बायका खात्यातच शिरल्या तर? शिरल्या आहेत. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणाच्या वेळेपासून सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. वनरक्षक भरतीसाठी ३ किलोमीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुली आता तालुक्यातालुक्यात दिसतात. त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण २०२१ या एका वर्षानं काय दाखवलं ते विसरू नये. २५ मार्चला मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वरिष्ठांकडून झालेल्या छळाबद्दल, गरोदर असताना जंगलात पायी फिरवल्याबद्दल आणि त्यानंतरच्या गर्भपाताबद्दल त्यांनी लिहून ठेवलं होतं. २० नोव्हेंबरला ताडोबात व्याघ्रगणनेच्या पायी पाहणीवर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या.

या दोन मृत्यूंना एका मापानं मोजता येत नाही. रानात जनावराचा धोका असतो. तो पत्करून स्वाती कामावर गेल्या होत्या, पुरुष सहकारी जातात तशाच. त्यांच्या मृत्यूनंतर ‘बाईमाणसानं जंगलात जावंच कशाला’ असं बोललं गेलं. पुरुष वनरक्षक मरतो तेव्हा पुरुषांनी जाऊ नये असं कुणी म्हणत नाही. आणि दीपाली यांना तर वाघानं मारलं नाही. वाघापासून वाचायला काठी, साथ, अनुभव असतो. वरिष्ठापासून वाचायला काय होतं? आमच्या वळच्या आईनं विचारलेला ‘कोण हाय?’ हा प्रश्न वर्दीतल्या अधिकारी बाईलाही सुटला नव्हता.

आपल्यातल्या काही मैत्रिणींचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. त्या म्हणतात, उद्यानांनी आदिवासींना हटवलं, आणि तू बायकांना त्याच यंत्रणेत नोकऱ्या मागतेस? उद्या खाकीतली बाई मोळीवाल्या बाईची कुऱ्हाड हिसकावून घेईल. घेईल, हे मीही मानते. नुसती बाई नेमली की यंत्रणा बदलते असं नाही. पण बाहेर राहूनही ती बदललेली नाही. अर्थशास्त्रज्ञ बिना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या गावपातळीवरच्या वनसमित्यांचा अभ्यास केला. निर्णय घेणाऱ्यांत बायकांची संख्या पुरेशी असली, म्हणजे चौथा-तिसरा हिस्सा तरी, तर त्या बोलू लागतात आणि जंगलाची स्थितीही सुधारते, असं त्यांना दिसलं. एकटी बाई दडपली जाते. चौघी असल्या तर तक्त्यातल्या रकान्यांवर वाद घालू शकतात. म्हणून माझी मागणी नोकरीपुरती नाही. रकाने ठरवण्यात वाटा हवा. ‘तोडलेलं लाकूड’ या रकान्याशेजारी ‘सरपणाची दुसरी सोय आहे का’ हा रकाना हवा.

दुसरा आक्षेप गोदामाचा: तिथल्या हजारो बायांचा प्रश्न मोठा की एका पदवीधर मुलीचा? मला यात दोन प्रश्न दिसत नाहीत. ठेका तोच, हजेरीबुक तेच, कापलेला दिवस तोच. गोदामातल्या बाईला निदान चौघींची सोबत आहे. रानातल्या मुलीचा मालक कोण हेच तिला नीट ठाऊक नसतं: उद्यान, संस्था, की संस्थेनं नेमलेला ठेकेदार?

तेव्हा काय करायचं? कायद्यात आधार आहे. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, आता तो वेतन संहितेत सामावला आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याची मुळं राजस्थानच्या भंवरीदेवींपर्यंत जातात. त्या साथिन होत्या, म्हणजे गावात हिंडून काम करणाऱ्याच. १९९२ मध्ये आपलं काम केलं म्हणून त्यांच्यावर बलात्कार झाला आणि त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला. म्हणून या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे चार भिंती नाहीत. कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा, आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा, त्यात येते. ठेक्यावरची, रोजंदारीवरची, शिकाऊ, बिनपगारी स्वयंसेविका, सगळ्या येतात. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. रानातली पायवाट हे कामाचं ठिकाण आहे, हे आपल्या गटांनी मुलींना नोकरीवर जाण्याआधी सांगायला हवं.

आणि मागण्या साध्या आहेत. पथकात किमान दोन बाया. गावापासून किंवा स्टेशनपासून गाडी. पाणी, शौचासाठी आडोसा, पायात धड बूट. पाळीच्या दिवसांचा पगार कापायचा नाही. नोंदींचं काम हंगामी ठेक्यावर न देता निदान पाच वर्षांच्या नेमणुकीवर द्यायचं. त्यात झाडांचाही फायदा आहे. उद्यानालगतच्या पाड्यांतल्या जाणत्या बायांना जाणकार म्हणून मानधन. आणि अहवालावर मोजणाऱ्या प्रत्येकीचं नाव, पूर्ण नाव.

वनखातं आणि संस्था हे आपणहून करणार नाहीत. सुरुवात आपल्याच गावातून होईल. लोकजैवविविधता नोंदवही ग्रामपंचायतीत असायला हवी आणि ती पाहायला मागणं हा आपला हक्क आहे. तिच्यात गावातल्या जाणकार व्यक्तींची नावं लिहायची जागा असते. तुमच्या गटातल्या दोघीतिघींनी जाऊन ती वही मागा. ती नसेल तर का नाही ते ग्रामसभेत विचारा. असेल तर तेवढं एक पान उघडून पाहा, त्यात बायकांची नावं किती आहेत ते मोजा, आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते आकडे आपण एकत्र छापू. ज्या गावात एकही नाव नसेल, तिथं कुठल्या बायांची नावं असायला हवी होती, तेही सोबत लिहून पाठवा.